भरवशाचे तास

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर दोनच दिवसांनी माझा भाचा घरी आला. चाकणच्या एका मोटार कारखान्यात तो नोकरीला आहे. एक जुनी ट्रॅव्हलर घ्यायची, तिच्यात दोन बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी बसवायची आणि आईवडिलांना कोकणात फिरवून आणायचं, असं त्याच्या मनात होतं. त्याचे वडील म्हणजे माझा दादा. दादाची सगळी नोकरी फाउंड्रीत गेली. आता रात्री झोपताना त्याला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. ते यंत्र साडेतीनशे वॅटच्या आसपास वीज घेतं आणि ती वीज रात्रभर न खंडता मिळावी लागते. भाच्याने मोबाइलवर चार पोर्टेबल जनरेटरची चित्रं दाखवली आणि म्हणाला, "आत्या, यातला दहा वर्षं दगा न देणारा कुठला? अण्णांच्या वह्या आहेत ना तुझ्याकडे?"

अण्णा म्हणजे माझे वडील. भोसरीत पुणे-नाशिक रस्त्याला लागून त्यांचं जनरेटर दुरुस्तीचं दुकान होतं, १९७४ पासून २००९ पर्यंत. मी जन्मभर महाविद्यालयात इतिहास शिकवला, आणि घरात पस्तीस वर्षांचं दफ्तर पोटमाळ्यावर पडलेलं असताना ते एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. भाच्याला म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब. ती दिवाळी गेली, ही आली.

अण्णांची पद्धत अशी, की एका यंत्राला एक पान. वर मालकाचं गाव आणि इंजिनचा नंबर. खाली तारीख, झालेले तास, काय काम केलं, पैसे किती. शेवटचा रकाना 'चालवणारा'. म्हणजे हे यंत्र रोज सुरू कोण करतं, त्याचं नाव. मालक तोच राहून चालवणारा बदलला, तर अण्णा तांबड्या शाईने रेघ मारत. लहानपणी मला तो रकाना उगाचच भरलेला वाटे.

तासांचा रकाना त्याहून चमत्कारिक आहे. जुन्या इंजिनांना तास मोजणारं मीटर नसे, मग हे आकडे आले कुठून? समासातली त्रैराशिकं पाहिल्यावर उलगडा झाला. पाच अश्वशक्तीचं डिझेल इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण लिटर-सव्वा लिटर डिझेल पितं. मालकाकडे डिझेलचा हिशेब हटकून असतो, कारण त्यात चोरी होते. अण्णा तो हिशेब मागून घेत आणि लिटरांवरून तास काढत. कधी ऑपरेटर डिझेल बाहेर विकत असेल तर यंत्राच्या नावावर न चाललेले तास चढत. पण बेअरिंगची झीज पाहून अण्णांना ते कळत असावं. एका पानावर तासांच्या आकड्यावर काट मारून नुसतं 'खोटं' असं लिहिलेलं आहे.

घर किंवा बिऱ्हाड चाकांवर घालून फिरणं आपल्याकडे नवं नाही. आषाढात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला येते, तेव्हा दिंड्यांचे ट्रक पाहावेत. शिधा, तंबू, अंथरुणं, गॅसच्या टाक्या आणि मागच्या फाळक्याशी दोरखंडाने आवळलेला जनरेटर. तंबूतले टुरिंग टॉकीज जत्रा-जत्रांतून असेच हिंडत. पण या सगळ्यांत जनरेटरवर सर्वांत जास्त विसंबून असे तो तमाशाचा फड. पलित्यांवर आणि नंतर गॅसबत्त्यांवर चालणारा खेळ विजेच्या दिव्यांवर आणि कर्ण्यांवर गेला, तेव्हापासून रात्री दोन वाजता जनरेटर बंद पडणं म्हणजे काय, हे फडमालकच जाणे. अंधारात हजार-दोन हजारांचा जमाव, त्यातले बरेच प्यायलेले, आणि रंगमंचावर बाया.

तमाशाची मोठी पेठ नारायणगाव. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. ते गाव याच पुणे-नाशिक रस्त्यावरचं. मंचर, राजगुरुनगर, चाकण ओलांडलं की भोसरी. तंबूच्या फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होई. त्यामुळे भाद्रपदात, पितृपंधरवड्याच्या आगेमागे, फडांचे जनरेटर अण्णांच्या दारात रांगेने उभे असत. त्या दिवसांत आमच्या जेवणाच्या ताटांनाही डिझेलचा वास येई. आईचं हे कायमचं गाऱ्हाणं होतं.

हे सविस्तर सांगण्याला कारण आहे. वह्या वाचताना पहिले दोन महिने मी एक सरळ चूक करत होते. कुठल्या जातीच्या यंत्राची किती दुरुस्ती झाली ते मोजायचं आणि कमी दुरुस्तीचं ते भरवशाचं ठरवायचं, असं माझं चाललं होतं. मग लक्षात आलं, की हे दवाखान्याच्या केसपेपरांवरून गावाची प्रकृती ठरवण्यासारखं आहे. अण्णांकडे येई ते बिघडलेलं यंत्र. जे कधीच आलं नाही ते उत्तम चाललं, की पहिल्याच वर्षी भंगारात गेलं, की मालकाने पिंपरीतल्या दुसऱ्या मिस्त्रीकडे नेलं, हे वही सांगत नाही. सरकारी दफ्तरात शेतकरी दिसतो तो बहुधा तगाई मागताना किंवा वसुलीला तोंड देताना, त्यातलाच प्रकार. फडांची यंत्रं मात्र बिघडोत न बिघडोत, दर भाद्रपदात यायचीच. एवढी पानंच सलग आहेत. बाकीच्या वह्या बाजूला ठेवून मी तीच पुन्हा वाचली.

या पानांवरची सुरुवातीची इंजिनं मुळात विहिरींसाठी घडवलेली. साताऱ्याला कूपरांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिन तयार झालं. खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. शिवाय इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या घाटाची जड, सावकाश चालणारी इंजिनं राजकोटकडून येत. मिनिटाला साडेसहाशे फेरे, दोन्ही अंगांना बैलगाडीच्या चाकासारखी फ्लायव्हील, आणि हँडल मारायला एक तगडा माणूस. वजन इतकं की ट्रकवरून उतरवायचा विचारही कोणी करत नसे. ही इंजिनं वर्षानुवर्षं टिकली, आणि जुने मिस्त्री त्याचं श्रेय 'तेव्हाच्या लोखंडाला' देतात. मला हिशेब अधिक पटतो. साडेसहाशे फेऱ्यांचं इंजिन तासाला ३९,००० वेळा फिरतं. हातात उचलून नेता येतो तो जनरेटर मिनिटाला ३,००० फेरे घेतो, कारण दोन ध्रुवांच्या ऑल्टरनेटरमधून पन्नास हर्ट्झ काढायचे तर तेवढे फेरे लागतातच. तो तासाला १,८०,००० वेळा फिरतो. जुन्याच्या साडेचारपटीहून जास्त. हलकेपणा हवा तर फेरे वाढवावे लागतात, आणि फेरे वाढले की रिंगा, बेअरिंगं आणि व्हॉल्व्हं तितकी लवकर उतरतात. यात लबाडी कोणाचीच नाही.

असा हलका जनरेटर आपल्याकडे आला १९८० च्या दशकात. श्रीराम होंडाची स्थापना १९८५ ची. बिर्ला यामाहाचेही त्याच सुमाराचे. पिंपरी कॅम्पातल्या दुकानांच्या पायऱ्यांवर, मंगल कार्यालयांच्या मागे, गणेशमंडळांच्या मांडवाआड हे लाल-निळे डबे घुमू लागले. यातले काही पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे असत. रॉकेल रेशनचं, निळ्या रंगाचं, आणि दुकानदाराला ते कुठून मिळतं हे कोणी विचारायचं नसतं. त्या काळातल्या अण्णांच्या नोंदी एकसुरी आहेत : तेल पातळ, तेल पातळ, तेल पातळ. नीट न जळलेलं रॉकेल रिंगांच्या कडेने खाली उतरे आणि इंजिनचं तेल पाण्यासारखं करून टाके. तेल वेळेवर बदलणाऱ्याचा डबा टिके, न बदलणाऱ्याचा जाई. इथे मला 'चालवणारा' रकान्याचा अर्थ लागला. एकाच नमुन्याचे दोन जनरेटर, एक लग्नाच्या मांडववाल्याचा, एक दवाखान्याचा. मांडववाल्याकडे पगारी वायरमन होता, दवाखान्यात ज्याला सुचेल तो दोरी ओढे. काम कमी असून दवाखान्याचाच जनरेटर आधी गेला.

इथे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांकडे वळायला हवं, कारण राखीव जनरेटरचा संसार या पट्ट्यात जितका वाढला तितका फार थोड्या ठिकाणी वाढला असेल. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. पेनिसिलिन ज्या टाक्यांत आंबवतात त्यांना हवा आणि ढवळणं अखंड लागतं. वीज गेली तर घाण वाया. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीची माळरानं कारखान्यांनी भरू लागली. त्याच वर्षी कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. चिंचवडला रस्टन अँड हॉर्नस्बीची इंजिनं बनत. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि तिथून येणाऱ्या विजेवर उभं असलेलं मुंबई-पुण्याचं कारखानदारीचं जग एका फटक्यात थांबलं. पुढे टंचाईत भार वाटून घ्यायला वीज मंडळाने वेगवेगळ्या भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार दिले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. सगळं पुणं रविवारी सिनेमाला जाई, तेव्हा आमचा बाप कामावर असे. आजही या पट्ट्यातल्या कित्येक वर्कशॉपांना सुट्टी गुरुवारचीच असते.

गुरुवारी कारखान्यात देखभाल निघे. त्या यादीत एक ओळ असे, 'जनरेटर ट्रायल'. वॉचमन किंवा इलेक्ट्रिशियन जाऊन बटण दाबी, पाच मिनिटं इंजिन भाराविना फिरवी आणि रजिस्टरात 'ओके' लिही. अण्णा याला 'धूर काढणं' म्हणत आणि त्यांना ते मुळीच आवडत नसे. डिझेल इंजिन भाराविना फिरवलं तर पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि चिकट काजळी नॉझल, व्हॉल्व्ह, सायलेन्सर यांत बसते. म्हणून निदान तीस टक्के भार द्या, असं कंपन्या सांगतात. पाच मिनिटांच्या ट्रायलने यंत्र सुरू होतं हे कळतं, भार घेईल की नाही हे कळत नाही, आणि दर गुरुवारी ते थोडं थोडं खराब होत जातं. 'ओके'च्या त्या रजिस्टरांवर माझा इतिहासकार म्हणून काडीचाही विश्वास नाही.

या राखीव यंत्रांना खरोखर कामाला जुंपायची वेळ २००६ मध्ये आली. दाभोळचा वीज प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता. राज्याची तूट हजारो मेगावॅटवर गेली होती, ग्रामीण भागात दहा-बारा तासांचं भारनियमन होतं आणि पुण्याचीही पाळी आली होती. पुणे शहर विभागाला कमी पडत होते नव्वद-शंभर मेगावॅट. तेव्हा सीआयआय या उद्योजकांच्या संघटनेने एक तोडगा मांडला : कारखान्यांकडे एवढ्या ताकदीचे जनरेटर आहेतच. टंचाईच्या वेळी त्यांनी आपली वीज आपण तयार करावी, तेवढी वाचलेली वीज शहराला द्यावी, आणि डिझेलमुळे जो जादा खर्च येईल तो शहरातल्या ग्राहकांनी वाटून घ्यावा. 'प्रयास'सारख्या संस्थांनी त्यातले हिशेब तपासले, वीज नियामक आयोगापुढे सुनावणी झाली आणि योजना मंजूर झाली. तिला पुणे मॉडेल म्हणतात. कमी वापराच्या घरगुती ग्राहकांना वगळून बाकीच्यांच्या बिलात एक नवी ओळ आली, 'रिलायबिलिटी चार्ज'. भरवशाचा आकार!

भरवशाला युनिटमागे भाव लावल्याचं हे मला माहीत असलेलं आपल्याकडचं पहिलंच उदाहरण. योजना हुशारीची होती, यात शंका नाही. पण त्या उन्हाळ्यात नारायणगावच्या आसपासचे शेतकरी रात्री दोन वाजता मोटार सुरू करायला उठत होते आणि आमच्या घरी पंखा चालू होता, हेही नोंदवायला हवं. तो आकार परवडणाऱ्यांना भरवसा मिळाला.

जनरेटरच्या दृष्टीने यात एक बारीक मेख होती. आयएसओ ८५२८ या मानकात यंत्राच्या ताकदीचे प्रकार ठरवून दिलेले आहेत. आणीबाणीपुरत्या राखीव ताकदीचं यंत्र वर्षाला २०० तासांपर्यंतच चालवावं अशी अपेक्षा असते, आणि तेही सरासरी सत्तर टक्के भारावर. 'प्राइम' प्रकाराला तासांची मर्यादा नाही. पाटीवरचा आकडा वाचताना हा फरक कोणी पाहत नाही. फडाचा जनरेटर रात्रीचे पाच तास चालतो असं धरलं, तर २०० तास चाळीस रात्रींत संपतात. दसऱ्याला निघालेला फड कार्तिकातच ती मर्यादा ओलांडतो.

मग दीर्घकाळच्या टिकाऊपणाची चाचणी कुणी घेतच नाही का? घेतात. आपल्या मानक संस्थेचं आय. एस. १०००० हे इंजिनांच्या चाचण्यांचं मानक आहे; त्याच्या नवव्या भागात सहनशक्तीची चाचणी दिली आहे. सोळा तासांचं एक आवर्तन, अशी बत्तीस आवर्तनं, एकूण ५१२ तास. इंजिन उघडून झीज मोजतात. चाचणी कडक आहे, तिला नावं ठेवायचं मला कारण नाही. पण तंबूच्या फडाचा सातेक महिन्यांचा हंगाम धरला तर हजार तास होतात, म्हणजे ही चाचणी अर्ध्या हंगामाएवढी. शिवाय ती सलग, स्वच्छ डिझेलवर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली होते. पावसाळ्याचे चार महिने ताडपत्रीखाली उभं राहिल्यावर यंत्राचं काय होतं, हे तिला विचारलेलंच नाही.

आणि सलग पानांत मला दिसलं ते नेमकं हेच. हंगामाच्या मध्यावर फडांची यंत्रं फारशी आलेली नाहीत. ज्या वर्षी एखादा फड बसून राहिला, त्याच्या पुढच्या वर्षीचं पान मात्र भरलेलं आहे. टाकीला गंज, डिझेलमध्ये पाणी, तारा उंदरांनी कुरतडलेल्या, बॅटरी मेलेली. पोर्टेबल पेट्रोल जनरेटरची तर एकच रड : टाकीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं, मागे राहतो तो चिकट थर, आणि कार्बोरेटरचं सुईच्या अग्राएवढं जेट बुजतं. दोरी ओढून ओढून खांदा उतरतो, यंत्र ठणठणीत असतं. चालण्यापेक्षा उभं राहणं या यंत्रांना जास्त बाधलेलं आहे. पुणे मॉडेलनंतर हळूहळू भारनियमन गेलं, अण्णांचं दुकानही त्याच ओघात बंद झालं, आणि आज या पट्ट्यातले असंख्य जनरेटर नुसते उभे आहेत. त्यांच्याबद्दल भरवशाने काही सांगणं पूर्वीपेक्षा कठीण झालंय.

भाच्याची अडचण नेमकी ही होती. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून घरगाड्यांची हौस वाढली आहे. पण हौसेची गाडी वर्षातले पंधरा दिवस फिरते आणि उरलेले साडेअकरा महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते. शिवाय २०२३ च्या जुलैपासून डिझेल जनरेटरच्या धुराचे नियम बरेच कडक झाले, यंत्रांत इलेक्ट्रॉनिक्स वाढलं. अण्णांची पानं त्यांना लावणं म्हणजे बैलाच्या औषधाने मोटार बरी करणं. यंत्राचं नाव मी त्याला सांगू शकले नाही. तीन-चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, विजेच्या एका वाटेवर दादाचा श्वास टांगायचा नाही. साडेतीनशे वॅट आठ तास म्हणजे २.८ युनिट. एवढी आणि वर थोडी शिल्लक देणारी बॅटरी गाडीत बसवायची, दिवसा जनरेटरने ती भरायची, आणि रात्री जनरेटर बंद. सोबत ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर. दुसरी, जनरेटर गाडीपासून लांब, उघड्यावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. २०२४ च्या डिसेंबरात केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हानमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरचा वायू आत शिरला होता. भाच्याला ही बातमी ठाऊक होती, पण ती त्याने 'सेफ्टी' या वेगळ्या कप्प्यात टाकली होती. मला ती याच कप्प्यातली वाटते. तिसरी, ज्याचं जेट, प्लग आणि दोरी भोसरीत नव्हे, चिपळुणात मिळेल तोच घे. आणि चौथी, दर गुरुवारी तासभर, निम्म्या भारावर चालव, नंतर कार्बोरेटर रिकामा कर, आणि लिहून ठेव.

तासभर भार म्हणून काय लावायचं, हा प्रश्न निघाला. वहिनीने पाणी तापवायची किटली आणि इस्त्री दिली. मोशीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरचे कपडे इस्त्री होऊ लागले. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली ती वेगळी. अकराव्या गुरुवारी यंत्र सुरूच झालं नाही. आदल्या आठवड्यात कार्बोरेटर रिकामा करायचा राहिला होता. वहीत तसं लिहिलं.

फाल्गुनात ते गुहागरला जाऊन आले. सहा रात्री. बॅटरी पुरली, सिलिंडरचं सील तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जनरेटरची दोरी तुटली, ती वहिनीच्या परकराच्या नाडीवर दोन दिवस चालली आणि मग चिपळुणात दहा मिनिटांत नवी मिळाली. परत आल्यावर वही माझ्याकडे दिली. अण्णांच्याच पद्धतीने रकाने आखलेले आहेत. तारीख, तास ४३, काम : दोरी बदलली. 'चालवणारा' या रकान्यात भाच्याचं नाव लिहून त्यावर तांबड्या शाईने रेघ मारलेली आहे आणि खाली दादाने थरथरत्या अक्षरात आपलं नाव लिहिलं आहे. नवी दोरी बसवून पहिली ओढ म्हणे त्यानेच दिली. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही.